वीस डॉलर की दहा? गेमची किंमत ठरवणाऱ्याला पत्र

प्रिय दोस्ता,

गेम पूर्ण होत आला, डेमो लोकांच्या हातात गेला आणि आता किमतीच्या रकान्यात काय भरायचं यावर तू अडला आहेस. २० डॉलर लावले तर कोणी फिरकणार नाही, १० लावले तर निदान चार लोक जास्त घेतील, असा तुझा हिशोब दिसतो. माझं मत आधीच सांगून टाकतो : १९.९९ लाव. त्यामागची कारणं मात्र नीट समजून घे, कारण पुढची दोन-तीन वर्षं तुझी प्रत्येक सवलत आणि कितीतरी रिव्ह्यू याच आकड्याशी ताडून पाहिले जाणार आहेत.

आधी एक गैरसमज डोक्यातून काढ. किंमत कमी केली म्हणून गेम हवासा वाटायला लागत नाही. ज्याला तो मुळात हवा आहे तो आज घेईल, सेलमध्ये घेईल की राहूच देईल, एवढंच किंमत ठरवते. २०२४ साली सोनीने दोन मल्टिप्लेअर शूटर ४० डॉलरला आणले. फेब्रुवारीतला हेलडायव्हर्स २ धडाक्यात खपला. ऑगस्टमधला कॉन्कॉर्ड दोन आठवड्यांत बंद झाला आणि घेणाऱ्यांचे पैसे परत करावे लागले. किंमत दोन्हींची सारखीच. पण कॉन्कॉर्ड ज्या जातकुळीचा होता त्यातले ओव्हरवॉच २, व्हॅलरंट, एपेक्स लेजंड्स हे गेम फुकट होते आणि लोक आपापल्या मित्रांसकट तिथे आधीच रमलेले होते. तिथे ४० काय, १५ डॉलरसुद्धा जास्तच वाटले असते. तेव्हा तुझ्या गेमची किंमत ठरवताना पहिला प्रश्न ‘किती’ हा नाही. ‘हा गेम घेतला नाही तर हा माणूस आज संध्याकाळी काय खेळेल?’ हा आहे. त्याचं उत्तर ‘असंच काहीतरी, फुकटात’ असं येत असेल, तर किंमत पाडून उपयोग नाही. गेमच्या पानावरचा ट्रेलर आणि पहिले चार स्क्रीनशॉट बदलावे लागतील.

आता हिशोब. डिजिटल गेमची आणखी एक कॉपी विकायला तुला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून गणित साधं आहे : किंमत गुणिले कॉपी. २० चे १५ केलेस तर तेवढेच पैसे मिळवायला एक तृतीयांश जास्त गिऱ्हाईक लागतं. २० चे १० केलेस तर दुप्पट, २० चे ५ केलेस तर चौपट. उलट बाजूने बघ. १५ चे २० केलेस आणि दर शंभरातले पंचवीस जण गेले, तरी तुझं उत्पन्न तितकंच राहतं. पंचवीसपेक्षा कमी गेले तर फायदाच. नवखे डेव्हलपर ही दुसरी बाजू कागदावर मांडतच नाहीत. ‘दहा केले तर जास्त लोक घेतील’ हे खरंच आहे. पण दुप्पट घेतील का? आणि हे जास्तीचे लोक येणार कुठून? गेमचं पान ज्यांच्या नजरेलाच पडलेलं नाही त्यांना किंमत माहीतच नाही, मग ती कमी असून काय फरक पडतो? अनोळखी गेमची अडचण बहुतेक वेळा महागाईची नसते, तो कोणाला दिसतच नाही ही असते.

हातात काय उरतं तेही बघ. स्टीम, म्हणजे तू गेम विकणार ते ऑनलाइन दुकान, विक्रीतले ३० टक्के घेतं. एका गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की पुढच्या रकमेवर २५ आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्के, पण ते टप्पे तूर्त बाजूला ठेव. एपिकच्या स्टोअरचा वाटा १२ टक्क्यांचा, आणि २०२५ पासून गेमच्या वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरवर तोही नाही. युरोपात दाखवलेल्या किमतीतच व्हॅट धरलेला असतो. समजा २० दाखवले आणि व्हॅट २० टक्के असला, तर कर जाऊन उरतात १६.६७, स्टीमचा वाटा जाऊन ११.६७. तीच कॉपी अर्ध्या किमतीत गेली तर ५.८३. त्यातून रिफंड वजा, पैसे पाठवण्याचा खर्च वजा, आणि तुझ्या देशाचा आयकर वेगळा. तेव्हा ‘१० डॉलरला हजार कॉपी म्हणजे दहा हजार’ असं मनात मांडत बसू नकोस. त्याच्या निम्म्यावर नजर ठेव.

घेणारा मात्र यातलं काहीही मोजत नाही. तो तुलना करतो, आणि ती कशाशी करतो हे कळलं की अर्धं काम झालं. त्याच्या डोक्यात तीन आकडे असतात. एक, अशाच दिसणाऱ्या गेमची किंमत. दोन, हाच गेम आजवर सर्वात स्वस्त कितीला मिळाला तो आकडा. तीन, मोठ्या कंपन्यांच्या गेमची किंमत, म्हणजे वरची रेघ. ही वरची रेघ २००५-०६ च्या सुमाराला ६० डॉलरवर बसली, २०२० पासून ७० कडे सरकली, आणि २०२५ मध्ये निन्टेंडोने मारिओ कार्ट वर्ल्ड ८० ला लावला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही ‘द आउटर वर्ल्ड्स २’ ८० डॉलरला जाहीर केला आणि बोंब झाल्यावर पुन्हा ७० वर आणला. वरची रेघ सरकली की खालच्यांनाही थोडी मोकळीक मिळते. ७० च्या शेजारी २० आज जितके किरकोळ वाटतात, तितके ६० च्या शेजारी वाटत नव्हते.

पहिल्या आकड्यासाठी एक तक्ता कर. तुझ्या प्रकारचे, तुझ्याच तोलामोलाचे, गेल्या दोन-तीन वर्षांत आलेले दहा-बारा गेम घे. प्रत्येकाची लाँचची किंमत, आजची मूळ किंमत, आतापर्यंतची सर्वात कमी किंमत, रिव्ह्यूंची संख्या आणि खेळायला लागणारे तास लिही. किमतींचा इतिहास स्टीमडीबी या वेबसाइटवर मिळतो. यात एक चूक हमखास होते : लोक त्या प्रकारातला सर्वात गाजलेला गेम घेतात आणि ‘तो १५ ला आहे, मग मी १० च लावले पाहिजेत’ असं ठरवतात. गाजलेल्याला स्वस्त राहणं परवडतं. सिल्कसाँग हा गेम २०२५ मध्ये २० डॉलरला आला आणि पहिल्याच दिवशी गर्दीने दुकानांचे सर्व्हर कोलमडले. त्या टीमचा आधीचा गेम दीड कोटीच्या वर खपलेला होता. त्यांचे २० हा त्यांचा निर्णय आहे, तुझ्यासाठी मोजपट्टी नव्हे. तुझ्या तक्त्यात मधल्या फळीतले गेम हवेत : ज्यांचं बरं चाललं, पण ज्यांच्या बातम्या झाल्या नाहीत.

स्वस्ताईचा एक तोटा असा की तो आकड्यांत दिसत नाही. अनोळखी गेमबद्दल घेणाऱ्याजवळ माहिती कमी असते, म्हणून तो किमतीवरूनच दर्जा ताडतो. तुझ्या गेममध्ये बारा तासांचा खेळ आहे, नीट केलेलं संगीत आहे, आणि वर पाटी ४.९९ ची. तो म्हणतो, यात काहीतरी खोट असणार. शिवाय पाच डॉलरला घेणारा बराचसा माणूस सहज म्हणून घेतो. त्याला या प्रकारची आवड असतेच असं नाही, आणि आवड नसलेल्या माणसाचा रिव्ह्यू तिखट असतो.

पाच डॉलर नेहमी चूकच, असं मात्र नाही. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स २०२१ च्या अखेरीस ३ डॉलरला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच विक्रीला आला, पूर्ण झाल्यावर ५ चा झाला, आणि त्याचं भलं झालं. पण तिथे गोष्टी जुळलेल्या होत्या : ग्राफिक्स साधे, एक डाव अर्ध्या तासाचा, आणि बघणाऱ्याला दोन मिनिटांत कळणारा खेळ. एकाने खेळला की दुसऱ्याला सांगावासा वाटायचा आणि दुसऱ्याला विचार करावा लागायचा नाही. तुझा गेम सावकाश उलगडणारा आहे. त्याला विचार न करता घेणारा माणूस नको, विचार करून घेणारा हवा.

आकडा निवडताना ९.९९, १४.९९, १९.९९, २४.९९ या पायऱ्यांवरच उभा राहा. १२.४९ लावून काही मिळत नाही. ज्याला १२ चालतात त्याला सहसा १५ ही चालतात. उलट १९.९९ आणि २०.९९ मध्ये एकाच डॉलरचा फरक असला तरी नजर डावीकडच्या अंकावर आधी जाते, आणि दुसरा गेम ‘वीसच्या वरचा’ होतो.

आता सेल. इथे जरा थांबून वाच, कारण बहुतेकांचं नुकसान इथेच होतं. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये एक प्रयोग सांगितला होता. त्यांनी एका गेमची किंमत गाजावाजा न करता वर-खाली केली. किंमत उतरली की कॉपी वाढायच्या, चढली की घटायच्या, पण एकूण उत्पन्न जवळपास तेवढंच राहायचं. मग त्यांनी ७५ टक्के सवलत जाहीर केली, ठळक दाखवली, आणि उत्पन्न सुमारे ४० पट झालं. तुझं ४० पट होणार नाही. व्हॉल्व्हच्या हातात स्वतःच्या दुकानाचं पहिलं पान आहे. पण कारण तुलाही लागू पडतं : गुपचूप कमी केलेली किंमत ही फक्त कमी किंमत असते, जाहीर केलेली सवलत ही बातमी असते. तिला मुदत असते, जुनी किंमत खोडून शेजारी नवी दिसते, आणि ज्याने विशलिस्टमध्ये, म्हणजे ‘पुढे घेऊ’ च्या यादीत टाकून ठेवलंय त्याला ‘आत्ता’ घेण्याचं कारण मिळतं. म्हणूनच मूळ किंमत १० वर आणून ठेवण्यापेक्षा २० ठेवून अधूनमधून १० ला देणं जास्त चालतं. घेणाऱ्याला वस्तूचा आनंद वेगळा आणि सौदा जिंकल्याचा आनंद वेगळा मिळतो, आणि दुसऱ्या आनंदासाठी आधी एक मोठा आकडा दिसावा लागतो.

स्टीमचे नियम पाठ असू देत. सवलत १० ते ९० टक्क्यांच्या दरम्यानच देता येते. एक सवलत संपल्यावर पुढची ३० दिवसांनी. मोठे हंगामी सेल याला अपवाद आहेत. लाँचनंतर किंवा लाँच-सवलत संपल्यानंतर ३० दिवस काहीही देता येत नाही, आणि किंमत वाढवलीस तरी ३० दिवस थांबावं लागतं. विशलिस्टवाल्यांना सवलतीचा मेल जातो तो २० टक्के किंवा त्याहून जास्त असली तरच. १५ टक्क्यांची सवलत लावून ‘सेलचा काही उपयोग झाला नाही’ म्हणणारे बरेच असतात. मेलच गेलेला नसतो, उपयोग कुठून होणार? लाँचच्या दिवशी मात्र मेल आपोआप जातो, म्हणून तेव्हा १० टक्के पुरेत. तिथे २० देऊन पुढची पायरी वाया घालवू नकोस.

कारण पायऱ्या मोजक्याच आहेत. ‘आजवरची सर्वात कमी किंमत’ ही बातमी प्रत्येक आकड्याला एकदाच मिळते. १९.९९ वरून साधारण असं उतर : २० टक्क्यांनी १५.९९, २५ ने १४.९९, ३३ ने १३.३९, ४० ने ११.९९, आणि ५० ने ९.९९. हे सगळं पहिल्या दीड-दोन वर्षांत पसर. ५० ओलांडायची घाई करू नकोस. तिसऱ्याच महिन्यात विक्री मंदावली म्हणून घाबरून थेट ७५ टक्के दिलेस, तर त्या आठवड्यात आलेख उंच जाईल आणि त्यानंतर ५ डॉलर हीच तुझी खरी किंमत होऊन बसेल. पुढच्या वेळी ५० टक्के लावशील तेव्हा लोक इतिहास बघतील, ‘पाचला मिळाला होता’ म्हणतील आणि वाट बघतील.

हा वाट बघण्याचा प्रश्न जुना आहे. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं की टिकाऊ वस्तू विकणाऱ्या एकट्या विक्रेत्याचा खरा स्पर्धक तो स्वतःच असतो, उद्याचा. उद्या तो किंमत उतरवणार हे गिऱ्हाइकाला कळलं की आज कोणी पूर्ण पैसे देत नाही. गेम तर खराबही होत नाही, संपतही नाही, उलट थांबलं तर पॅच लागून सुधारलेला मिळतो. यावरचा टोकाचा उपाय फॅक्टोरिओ या गेमच्या टीमने केला : कधीच सेल नाही. २०१८ मध्ये २० चे ३० आणि २०२३ मध्ये महागाईचं कारण देऊन ३५ डॉलर, दोन्ही वाढी आधी सांगून. थांबून स्वस्त मिळणार नाही हे एकदा पटलं की ज्याला घ्यायचंय तो आज घेतो. पण त्यांच्याकडे वर्षानुवर्षं खेळणारे, दुसऱ्यांना ओढून आणणारे लोक आहेत. तुझ्या पहिल्या गेमला सेलची बातमी लागेलच. त्यांच्याकडून एवढंच घे की आपला शब्द आणि आपलं वागणं जुळलं पाहिजे.

लोक किती द्यायला तयार आहेत हे मोजता येतं का? थोडंफार. डेमो किमान अर्धा तास खेळलेल्यांनाच विचार, मित्रांना आणि नातेवाइकांना नाही. आणि ‘किती द्याल?’ असा उघडा प्रश्न टाळ. डच अर्थतज्ज्ञ व्हॅन वेस्टेनडॉर्प यांची १९७६ मधली पद्धत वापर. त्यात चार प्रश्न असतात. कोणत्या किमतीला हा गेम इतका महाग वाटेल की विचारच करणार नाही? कोणत्या किमतीला इतका स्वस्त वाटेल की दर्जाची शंका येईल? कोणत्या किमतीला महाग वाटेल, पण तरी घेण्याचा विचार कराल? आणि कोणत्या किमतीला फायद्याचा सौदा वाटेल? चारही उत्तरांचे टक्केवारीचे आलेख एकावर एक काढ. ‘फारच स्वस्त’ आणि ‘महाग’ या रेषा छेदतात ती तुझी खालची हद्द, ‘फारच महाग’ आणि ‘सौदा’ या छेदतात ती वरची. शंभरेक उत्तरं मिळाली तर आकार दिसतो. तीस मिळाली तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. प्रश्नांच्या आधी कुठलाही आकडा दाखवू नकोस. फॉर्मवर ‘२० डॉलरचा गेम’ असं लिहिलंस की सगळी उत्तरं विसाभोवती गोळा होतात.

तरीही ही उत्तरं बोलण्यातली आहेत, खिशातून काही जात नाही. कोणी तुझं मन राखायला आकडा चढवतो, कोणी किंमत उतरावी म्हणून पाडतो. त्यामुळे या पद्धतीवरून पट्टा ठरव, नेमका आकडा नको. आणि किंमत सर्वस्वी घेणाऱ्यावर सोपवू नकोस. २००९ मध्ये वर्ल्ड ऑफ गू या गेमच्या वाढदिवसाला ‘हवे तेवढे द्या’ असं केलं होतं. एरवी २० डॉलरच्या त्या गेमला सरासरी दोन डॉलरच्या आसपास मिळाले, आणि सर्वात जास्त लोकांनी भरलेली रक्कम होती एक सेंट. त्यात लोकांचा हलकेपणा शोधू नकोस. समोर आकडाच नसला की किती देणं रास्त हे माणसाला कळत नाही. पुढे गेमचे संच ‘हवे तेवढे द्या’ तत्त्वावर विकणाऱ्या हंबल बंडलने पानावर सरासरी दाखवायला आणि सरासरीच्या वर देणाऱ्याला जास्तीचे गेम द्यायला सुरुवात केली, ती याच जागेवर बोट ठेवून.

देशोदेशीच्या किमती डॉलरच्या दराने सरळ रूपांतर करून भरू नकोस. स्टीम प्रत्येक चलनाला एक सुचवलेली किंमत देतं, तिथून सुरुवात कर आणि तक्त्यातल्या गेमनी काय लावलंय ते पडताळ. जिथे पगार कमी तिथे पूर्ण डॉलरची किंमत म्हणजे शून्य विक्री आणि पायरेटेड कॉपी. फारच कमी ठेवलीस तर दुसऱ्या देशातले लोक त्या दाराने आत येतात. वर्षातून एकदा हा रकाना पुन्हा बघ, चलनं घसरत असतात.

रिफंडचं गणित तुझ्या बाबतीत महत्त्वाचं आहे. विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर स्टीम पैसे परत देतं. म्हणजे २० डॉलर देणारा माणूस पहिल्या दोन तासांत सारखा ‘वसूल होतंय का’ हे तपासत असतो. १० देणाराही तपासतो, पण कमी कडकपणे. तुझ्या गेमचा पहिला तास मंद आहे, डेमो खेळलेल्यांनी तेच लिहिलंय. १९.९९ लावायचे असतील तर चौथ्या टप्प्यातलं ते यंत्र पहिल्या चाळीस मिनिटांत आण. ही किंमत टिकवण्याचा हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. आणि सेल लागण्याच्या आदल्या आठवड्यात ज्यांनी पूर्ण किमतीत घेतलाय ते रिफंड मागून पुन्हा स्वस्तात घेतील. स्टीम त्याला गैरवापर मानत नाही. त्यांच्यावर चिडू नकोस, फोरमवर वाद तर मुळीच घालू नकोस.

आधी घेणाऱ्यांचा मान राख. निन्टेंडोने २०११ मध्ये ३डीएस या हातात धरायच्या गेम-यंत्राची किंमत सहा महिन्यांच्या आत २५० वरून १७० डॉलरवर आणली तेव्हा आधी घेणाऱ्यांना २० जुने गेम मोफत दिले. तुझ्या हातात तेवढं नसेल. साउंडट्रॅक किंवा एखादा छोटा टप्पा आधीच्यांना मोफत देता येतो. अर्ली ॲक्सेसमध्ये येणार असशील तर १४.९९ ने सुरू करून पूर्ण झाल्यावर १९.९९ कर, आणि वाढणार आहे हे पहिल्या दिवसापासून पानावर लिही. चढणारी किंमत आधीच्या माणसाला शहाणं ठरवते, म्हणून तिच्यावर तो रागावत नाही.

सबस्क्रिप्शनवाल्यांकडून विचारणा आली तर ठोक रक्कम किती, कधी आणि किती महिन्यांसाठी, हे तिन्ही कळल्याशिवाय हो म्हणू नकोस. महिन्याच्या फीत गेम मिळायला लागला की त्या माणसासाठी तो सुटा घेण्याची किंमत शून्याजवळ येते, तेव्हा गमावलेल्या विक्रीची भरपाई त्या रकमेत दिसली पाहिजे.

या आठवड्यात तो दहा-बारा गेमचा तक्ता आणि डेमोवाल्यांची चार उत्तरं मला पाठव. पट्टा जर १२ ते १८ असा निघाला तर १४.९९ वर बोलू, त्यालाही माझी ना नाही. पण दहाचा आकडा फक्त भीतीपोटी आला असेल, तर तो मी खोडणार आहे.

तुझा,
एक जुना सहकारी